चिया सीड्स: पाकिटावरचे दावे आणि चमचाभर बियांचा हिशेब

चियाचं कुठलंही पाकीट उचला, त्यावर तीन गोष्टी ठळक अक्षरांत असतातच. दुधाच्या पाचपट कॅल्शियम, माशांपेक्षा जास्त ओमेगा-3, आणि वजन घटवायला मदत. पहिली गोष्ट आकड्यांत खरी आहे पण ताटात खोटी ठरते. दुसरीत सोयीची तेवढीच बाजू सांगितली आहे. तिसरी बऱ्यापैकी फुगवलेली आहे. तरीही चिया वाईट उत्पादन नाही. साधी, न भाजलेली, अख्खी काळी चिया छोट्या पाकिटात घेतली तर आमच्या हिशेबी पाचपैकी चार गुण. घरात रोज जवसाची चटणी खाल्ली जात असेल तर तीनच, कारण निम्मं काम तिथे आधीच होतंय. चॉकलेट-स्ट्रॉबेरी स्वादाची 'चिया पुडिंग मिक्स' आणि गोड चिया सरबतं यांना दीड, तेही पाकिटावरच्या छपाईसाठी.

आधी ही चीज काय आहे ते. चिया म्हणजे साल्व्हिया हिस्पॅनिका या झाडाचं बी. तुळस आणि पुदिना ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. मूळ मध्य व दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमाला. शास्त्रीय नावातला 'हिस्पॅनिका' म्हणजे स्पॅनिश. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये नाव ठेवताना स्पेनचा शिक्का मारला आणि तो तसाच राहिला. मेक्सिकोतले जुने अॅझ्टेक लोक मका आणि घेवड्याबरोबर चियाही पिकवत आणि राज्याला कर म्हणून देत; सोळाव्या शतकातल्या मेंदोसा हस्तलिखितात या कराच्या नोंदी आहेत. भारतात म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेने चियाच्या लागवडीचा पाठपुरावा केला. आज कर्नाटकाबरोबर मध्य प्रदेशातही पीक घेतलं जातं, नीमचच्या मंडीत त्याचा व्यापार चालतो, आणि आपल्याकडे वाशीम जिल्ह्यात रब्बीला चिया पेरणारे शेतकरी गेल्या काही वर्षांत वाढले आहेत. पानांच्या उग्र वासामुळे जनावरं या पिकाला सहसा तोंड लावत नाहीत, हेही त्यामागचं एक कारण. चिया इथेच पिकते, म्हणजे 'इम्पोर्टेड' या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आता चमचा. इथूनच सगळ्या गोंधळाला सुरुवात होते.

लेबलावरचे आकडे 100 ग्रॅमचे असतात आणि 100 ग्रॅम चिया कोणी खात नाही, खाऊही नये. हजार बियांचं वजन जेमतेम सव्वा ग्रॅम भरतं. 15 मिलीचा मोठा मापाचा चमचा सपाट भरला तर सुमारे 12 ग्रॅम, आणि 5 मिलीचा छोटा चमचा म्हणजे 4 ग्रॅम. पोह्यांचा चमचा प्रत्येक घरात वेगळा, त्यामुळे एकदा काट्यावर ठेवून बघावा आणि तोच कायम वापरावा. 250 ग्रॅमचं पाकीट रोज एका मोठ्या चमच्याने तीन आठवडे पुरतं.

त्या 12 ग्रॅममध्ये अंदाजे 58 कॅलरी, 2 ग्रॅम प्रथिनं, पावणेचार ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि 4 ग्रॅम तंतू मिळतात. स्निग्ध पदार्थांतला निम्म्याहून जास्त भाग, म्हणजे 2 ग्रॅमच्या वर, अल्फा लिनोलेनिक आम्ल असतं. हेच ते ओमेगा-3. कॅल्शियम 75 मिलिग्रॅम, लोह एक मिलिग्रॅमहून थोडं कमी, मॅग्नेशियम 40 मिलिग्रॅम.

यातले तंतू आणि ओमेगा-3 हे दोन आकडे खरोखर चांगले आहेत. प्रौढ माणसाला दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास तंतू हवेत असं धरलं तर एका चमच्यात त्याचा सातवा भाग भागतो. मैद्याची बिस्किटं, पांढरा पाव आणि भात यांवर दिवस काढणाऱ्या माणसासाठी ही मोठी भर आहे. अल्फा लिनोलेनिक आम्लाची रोजची गरज पुरुषाला 1.6 आणि स्त्रीला 1.1 ग्रॅम मानतात. ती एका चमच्यातच पूर्ण होते. पाकिटावर ठळक छापायला हवं ते हे. पण 'पाचपट'सारखा शब्द यात बसत नाही ना.

कॅल्शियमचं काय? 100 ग्रॅम चियात 631 मिलिग्रॅम, 100 ग्रॅम गाईच्या दुधात 120च्या आसपास. झालं, पाचपट. पण दूध आपण पेलाभर पितो आणि चिया चमचाभर खातो. 200 मिली दुधात 240 मिलिग्रॅम, चमचाभर चियात 75. पेलाभर दुधाची बरोबरी करायची तर 38 ग्रॅम चिया खावी लागेल, म्हणजे तीन मोठे चमचे आणि वर 185 कॅलरी. शिवाय बियांमधल्या फायटिक आम्लामुळे त्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. दूध चालत नसेल त्यांच्यासाठी चिया हा कॅल्शियमचा जोडधंदा आहे, मुख्य नाही. नाचणीच्या 30 ग्रॅम सालीसकट पिठात शंभरावर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि नाचणी आपण चमच्याने नाही, वाटीने खातो.

लोहाबद्दल तर बोलायलाच नको. भारतीय स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरली आहे. त्यात चमचाभर चियाचं एक मिलिग्रॅम म्हणजे दर्यामें खसखस. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून चिया सुरू करणाऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र बंद करू नये.

मग माशांशी तुलना. इथे जरा थांबून बघायला हवं. चियातलं ओमेगा-3 आणि बांगड्या-तारलीतलं ओमेगा-3 ही एकाच घराण्याची नावं असली तरी माणसं वेगळी. माशात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 आम्लं तयार मिळतात, मेंदू आणि डोळ्यांना लागतात तेच. चियात त्यांचा कच्चा माल मिळतो. आपलं शरीर त्यातला थोडासाच भाग ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचएपर्यंत तर नगण्यच पोचतो. 2012 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना सात आठवडे रोज 25 ग्रॅम दळलेली चिया दिली; रक्तातलं अल्फा लिनोलेनिक आम्ल दुपटीहून जास्त वाढलं, ईपीए 30 टक्क्यांनी वाढलं, डीएचए मात्र जागचं हललं नाही. त्यामुळे कोकणात, गोव्यात ज्यांच्या ताटात आठवड्यातून दोन-तीनदा तारली किंवा बांगडा असतो त्यांनी चियाकडे ओमेगा-3साठी वळायचं कारण नाही, तंतूंसाठी वळावं. शाकाहारी घरात मात्र हे कच्च्या मालाचं साठवण कामाचंच आहे.

आणखी एक बारकावा, जो पाकिटावर कधीच नसतो. हा फायदा मुख्यतः दळलेल्या चियात दिसला आहे. त्याच काळात झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दहा आठवडे रोज 25 ग्रॅम चिया दिली. दळलेली घेणाऱ्यांच्या रक्तात ओमेगा-3 वाढलं, अख्खी घेणाऱ्यांच्या रक्तात तितकं नाही. बी बारीक आणि गुळगुळीत. आपण चावतो असं वाटतं, पण दाताखालून बरेच दाणे सटकून जसेच्या तसे पोटात आणि तसेच बाहेर. भिजवल्याने वरचं चिकट आवरण फुगतं, आतलं तेल मोकळं होतंच असं नाही. तंतूंसाठी अख्खी चालेल, ओमेगा-3साठी दळलेली.

वजनाचा दावा राहिला. 2009च्या एका अमेरिकी अभ्यासात जास्त वजनाच्या माणसांना बारा आठवडे रोज 50 ग्रॅम चिया दिली आणि वजन, रक्तदाब, अंगातला दाह दाखवणाऱ्या चाचण्या यांत काहीच फरक पडला नाही. 2017 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी टाइप 2 मधुमेह असलेल्या 77 जणांवर सहा महिने काम केलं. सगळे कमी कॅलरीच्या आहारावर होते. चिया घेणाऱ्या गटाचं वजन सरासरी 1.9 किलोने उतरलं, दुसऱ्या गटाचं 0.3 किलोने. फरक आहे, पण मात्राही बघा: दर हजार कॅलरीमागे 30 ग्रॅम. दीड हजार कॅलरीच्या आहारात 45 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार मोठे चमचे रोज. 'सकाळी उपाशीपोटी एक चमचा चियाचं पाणी प्यायलं की पोटाची चरबी वितळते' हे वाक्य या दोन्हींपैकी कशातच नाही. चियाचं पाणी पिऊन पोट भरल्यासारखं वाटतं आणि अकरा वाजताचा वडापाव टळतो, इतपत खरं. पण वडापाव टळला तरच.

दुकानात काय बघायचं

सगळ्यात मोठी फसगत सब्जाची. अनेक ठिकाणी सब्जाच 'चिया' म्हणून सुटा विकला जातो, काही दुकानदारांना खरंच दोन्ही एकच वाटतात. सब्जा ही वाईट गोष्ट नाही, उन्हाळ्यात सरबताला आणि फालुद्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ते वेगळं बी आहे आणि वर लिहिलेले आकडे त्याचे नाहीत. ओळखायला भिंग लागत नाही. तळहातावर दहा दाणे घ्या. सब्जा एकसारखा मिट्ट काळा, निस्तेज, थोडा टोकदार. चिया गोलसर-लंबगोल, तुकतुकीत आणि अंगावर राखाडी-तपकिरी नक्षी, लावीपक्ष्याच्या अंड्यासारखी. एकही दाणा नक्षीचा नसेल तर ती चिया नाही. पांढरी चिया अर्थात वेगळी दिसते, पण तिच्यावरही बारीक रेषा असतात.

तरी शंका असेल तर छोटा चमचा बी अर्ध्या वाटी पाण्यात टाकून ढवळा. सब्जा पाच मिनिटांत फुगून प्रत्येक दाण्याभोवती निळसर-पांढरी टोपी चढवतो आणि दाणे सुटे राहतात. चियाला पूर्ण फुगायला वीस-तीस मिनिटं लागतात, आवरण पातळ आणि पारदर्शक असतं, आणि शेवटी दाणे एकमेकांना धरून अख्खी वाटी सैल खळीसारखी होते.

दुसरी तपासणी मातीची, आणि ही सब्जापेक्षा महत्त्वाची. तांदूळ-डाळ आपण धुवून घेतो. चिया धुता येत नाही, पाणी लागलं की ती चिकट व्हायला लागते. त्यामुळे त्यात माती, काडी, खडा असेल तर तो सरळ तोंडात. पांढऱ्या ताटलीत मोठा चमचा बी पसरून बघा. काड्यांचे तुकडे, मातीचे बारीक ढेकळं, वेगळ्या आकाराचे दाणे दिसतील. मग तेच बी काचेच्या पेल्यात घालून भरपूर पाण्यात झटकन ढवळा आणि खालून बघा: वाळू पहिल्या पाच सेकंदांत तळाला बसते, चिया तरंगत-लोंबकळत राहते. तळाशी करकरीत थर दिसला तर ते पाकीट दुकानात परत. सुट्या मालात हे जास्त होतं, म्हणून चियाच्या बाबतीत आम्ही सुट्यापेक्षा पाकिटाच्या बाजूने.

तिसरं, एकसारख्या तपकिरी दाण्यांचं प्रमाण. नक्षी नसलेले फिकट तपकिरी दाणे म्हणजे न पिकलेलं बी. ते चवीला कडवट असतं. मूठभरात दहा-बारा दिसले तर चालेल, निम्मे दिसले तर नाही.

शेवटी वास. ताज्या चियाला जवळजवळ वास नसतो, चव फिकट, किंचित शेंगदाण्याकडे झुकलेली. तेलकट, रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या जवसासारखा वास आला, जिभेवर मागे कडवटपणा राहिला, तर तेल खराब झालंय. ओमेगा-3 हे जितकं चांगलं तितकंच नाजूक तेल आहे. हवा, ऊन आणि उष्णता लागली की बिघडतं. म्हणून काचेच्या मोठ्या बरणीतून, दुकानाच्या दर्शनी भागात, उन्हात ठेवलेली चिया मोजून देणाऱ्याकडून घेऊ नये.

पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि कुठल्या देशाची ते वाचा. घटकांच्या यादीत फक्त एकच शब्द हवा. पोषणतक्त्यात तंतू 100 ग्रॅमला 30 ते 35 आणि प्रथिनं 16 ते 20 या घरात असावीत. प्रथिनं 25 आणि तंतू 12 असं काही छापलेलं दिसलं तर तक्ता दुसऱ्याच कुठल्या बियांचा उचललेला आहे. ऑर्गॅनिक हवी असेल तर 'जैविक भारत' चिन्ह शोधा. नुसत्या हिरव्या पानाच्या चित्राला काही अर्थ नाही.

काळी की पांढरी? पोषणात फरक इतका कमी की त्यासाठी वेगळी किंमत मोजू नये. पांढरी फक्त खिरीत, शिऱ्यात, दह्यात दिसायला बरी. भाजलेली चिया कुरकुरीत लागते, मुखवासात ठीक, पण भाजण्याचे पैसे जातात आणि तेल लवकर बिघडण्याची शक्यता वाढते. तयार चियाचं पीठ अजिबात घेऊ नये, ते कधी दळलं हे कळत नाही. 'सुपर सीड मिक्स'मध्ये घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. चिया चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असेल तर तुम्ही सूर्यफुलाच्या बिया घेताय, चियाच्या भावाने. आणि बाटलीबंद चिया सरबतांत साखर आधी वाचा, चिया मग.

भिजवणं

चियाचं काम बिघडतं ते नव्वद टक्के वेळा इथे. कोरडी चिया तोंडात टाकून वरून पाणी पिणं हा सगळ्यात वाईट प्रकार. ती स्वतःच्या वजनाच्या दहा-बारापट पाणी ओढते आणि हे फुगणं घशात किंवा अन्ननलिकेत झालं तर घट्ट गोळा अडकतो. 2014 मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत असाच एक रुग्ण मांडला गेला: 39 वर्षांचा माणूस, चमचाभर कोरडी चिया आणि वर पेलाभर पाणी, अन्ननलिका बंद झाली आणि दुर्बिणीने तो गोळा हलवावा लागला. गिळायला आधीपासून त्रास असणाऱ्यांनी, पक्षाघातानंतर गिळणं कमजोर झालेल्यांनी आणि लहान मुलांनी तर कोरडी चिया कधीच घेऊ नये.

प्रमाण सोपं आहे. एक मोठा चमचा चियाला 120 मिली पाणी घातलं तर चमच्याने खाण्याइतकी घट्ट खळ होते. 200 ते 250 मिली घातलं तर पिण्याजोगं. पाणी आधी, चिया नंतर, आणि टाकताक्षणी काट्याच्या चमच्याने ढवळायचं. दोन मिनिटांनी पुन्हा, दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कंटाळा केला की गुठळ्या. त्याचं कारण असं की बाहेरचे दाणे लगेच फुगून एकमेकांना चिकटतात आणि आतल्या दाण्यांपर्यंत पाणी पोचूच देत नाहीत. खाताना बाहेर मऊ, आत करकरीत गोळे लागतात. झाकणाची बाटली असेल तर ढवळण्याऐवजी हलवा, काम जास्त चांगलं होतं. अर्धा तास किमान, रात्रभर उत्तम.

लिंबूसरबतात किंवा कोकमात थेट चिया टाकू नका. आंबट आणि खारट पाण्यात तिची खळ सैल पडते आणि दाणे तळाला बसतात. साध्या पाण्यात आधी फुगवून घ्या, मग लिंबू, मीठ, साखर. ताकाचंही तसंच: छोटा चमचा चिया चार-पाच चमचे पाण्यात भिजवून मग पेलाभर ताकात, वर जिरेपूड. उकळत्या दुधात ओतली तर एका क्षणात गोळा. दूध कोमट करून घ्या, किंवा थंडच वापरा आणि वेळ जास्त द्या.

साध्या पाण्यात भिजवलेली खळ झाकून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, दुधातली दोनच. रोज सकाळी ढवळत बसायचा कंटाळा असेल तर चार चमच्यांची खळ एकदम करून ठेवणं हा सगळ्यात व्यवहारी मार्ग.

दळायचं असेल तर मिक्सरचं लहान भांडं, पूर्ण कोरडं. दोन-तीन सेकंदांच्या पाच-सहा फिरक्या, मध्ये थांबून. सलग चालवलं की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पिठाऐवजी चिकट लगदा पात्याला बसतो. एका वेळी चार-पाच चमचेच दळा, हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांत संपवा. अख्ख्या बिया मात्र थंड, अंधाऱ्या जागी हवाबंद बरणीत वर्षभर सहज राहतात. पावसाळ्यात कोकणपट्टीत बरणीत ओला चमचा गेला की संपलं, वरच्या थराचा खडा होतो आणि त्याला बुरशी धरते.

आपल्या स्वयंपाकात कुठे बसते

चियाला स्वतःची चव नाही, हीच तिची सोय आणि हाच तिचा दोष. दळलेली चिया थालिपिठाच्या भाजणीत चांगली मिसळते: दोन वाट्या भाजणीला एक मोठा चमचा, नेहमीपेक्षा तीन-चार चमचे पाणी जास्त, आणि भिजवून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. थालीपीठ थापताना कडा फाटत नाहीत. दोन चमचे घातले तर मात्र आतून चिकट राहतं आणि कुरकुरीतपणा जातो. नाचणीच्या आंबिलात भिजवलेली चिया आंबील कोमट झाल्यावर घालावी. आधी घातली तर इतकी घट्ट होते की पिण्याऐवजी चमच्याने खावी लागते. काकडीच्या कोशिंबिरीत दही सुटायला लागलं की छोटा चमचा भिजवलेली चिया ते पाणी धरून ठेवते, हा उपयोग फारसा कोणी सांगत नाही.

बिनअंड्याच्या केकसाठी एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा दळलेली चिया आणि तीन मोठे चमचे पाणी, पंधरा मिनिटं ठेवून. केक बांधला जातो, पण अंड्याइतका फुलत नाही. स्पंजपेक्षा गाजर-खजुराच्या जड केकला हे जास्त शोभतं. आंब्याच्या दिवसांत 200 मिली थंड दुधात दोन मोठे चमचे चिया रात्रभर ठेवून सकाळी वर आमरस ओतला तर दोघांचा नाश्ता होतो, आणि आमरस गोड असेल तर साखरेची गरज नाही. पोह्यांवर, उपम्यावर कोरडी भुरभुरवू नये. दातात अडकते आणि दिवसभर आरसा शोधावा लागतो.

उपासाला चालते का, हा प्रश्न प्रत्येक चतुर्थीला येतो. सब्जाला आपल्याकडे जुनी मान्यता आहे, चिया परदेशी, तिच्याबद्दल कुठे काही लिहिलेलंच नाही. ज्या घरात साबुदाणा आणि बटाटा चालतो तिथे चियाला अडवायचं कारण दिसत नाही. शेवटी निकाल घरातल्या आजीचा.

किती, आणि कोणी जपून

पहिला आठवडा रोज एक छोटा चमचा. दुसऱ्या आठवड्यात दोन. मग एक मोठा चमचा, तिथेच थांबा. युरोपीय संघाने 2013 मध्ये नुसत्या चियाच्या पाकिटांवर दिवसाला 15 ग्रॅमपेक्षा जास्त नको असा इशारा छापायला सांगितला होता. आमच्या मते साधारण माणसासाठी ती रेघ आजही योग्य आहे. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले तर पोट फुगतं, वात धरतो, आणि दोष बिचाऱ्या बियांना जातो. बद्धकोष्ठासाठी घेत असाल तर दिवसभरात पाणी वाढवलंच पाहिजे, नाहीतर तेच तंतू उलट घट्ट करतात.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी सुरुवात करताना साखर आणि दाब थोडे जास्त वेळा तपासावेत. रक्त पातळ करणारं औषध असेल तर डॉक्टरांना सांगून. थायरॉईडची गोळी सकाळी घेणाऱ्यांची एक हमखास चूक अशी: उठल्यावर गोळी, लगेच पाठोपाठ चियाचं पाणी. तंतू आणि कॅल्शियम दोन्ही त्या गोळीच्या शोषणाच्या आड येतात. चिया सकाळी नको, संध्याकाळच्या ताकात घ्या, म्हणजे चार तासांचं अंतर आपोआप पडतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फॉस्फरसचा प्रश्न येतो, 100 ग्रॅमला 860 मिलिग्रॅम. आहारतज्ज्ञाला न विचारता सुरू करू नये. तिळाची अॅलर्जी असणाऱ्यांनीही पहिल्यांदा दाण्या-दाण्याने.

जवसाबद्दल

हा परिच्छेद खरं तर सुरुवातीला यायला हवा होता. विदर्भ-मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या खाल्ला जाणारा जवस 100 ग्रॅमला जवळजवळ 23 ग्रॅम अल्फा लिनोलेनिक आम्ल देतो, चिया देते 18च्या आत. प्रथिनंही जवसात थोडी जास्त. चिया पुढे आहे ती तंतूंत (34 विरुद्ध 27 ग्रॅम) आणि कॅल्शियममध्ये (631 विरुद्ध 255 मिलिग्रॅम). भावात तर तुलनाच नाही, किराणा दुकानात जवस चियाच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच.

मग चिया घ्यायची कशाला? एका खऱ्या कारणासाठी: सोय. जवस भाजावा लागतो, कुटावा लागतो, दळल्यावर लवकर खवट होतो, आणि अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो. चिया पाण्यात टाकली की काम झालं, ओमेगा-3चा थोडा भाग वाया गेला तरी तंतू पूर्ण मिळतात. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी, ज्याच्याकडे ना कढई ना मिक्सर. परदेशात राहणारी मराठी कुटुंबं, जिथे चिया कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि चांगला जवस शोधावा लागतो. दाताच्या त्रासामुळे चटणी नको झालेली आजी: यांच्यासाठी चिया पैसे वसूल आहे. ज्यांच्या घरी दर पंधरवड्याला लसूण घालून जवसाची चटणी होते त्यांनी 100 ग्रॅमचं छोटं पाकीट घेऊन ताकात चालते का बघावं, तेवढं पुरे.

घ्यायचीच ठरली तर हे लक्षात ठेवा: अख्खी, काळी, न भाजलेली, 250 ग्रॅमहून मोठी नको, पॅकिंगची तारीख सहा महिन्यांच्या आतली, आणि घरी आल्यावर पहिला चमचा पांढऱ्या ताटलीत.